मेंदू, लक्ष आणि यंत्र : काही विचार

आमच्या शिवाजी पेठेत शांतता हवी असेल तर पहाटे उठावे लागते. दिवस उजाडला की गल्लीतून दुचाकी सुरू होतात, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर फुटबॉलची चर्चा रंगते आणि गणेशोत्सव जवळ आला की ढोल-ताशांचा सराव रात्रीपर्यंत चालतो. हे सारे आम्हांस प्रिय आहे, कारण त्यातच आम्ही वाढलो. पण याच आवाजात आपली मुले दहावी-बारावीचा अभ्यास करतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यात आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला आहे. "पोरगं पुस्तक घेऊन बसतंय, पण ध्यान कुठं असतंय कुणास ठाऊक," ही तक्रार आम्ही घरोघरी ऐकतो.

गेल्या वर्षी बँकेत आमच्या काउंटरवर ओळखीच्या एक मावशी आल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी पंधरा हजारांची मुदत ठेव ठेवली होती. म्हणाल्या, "साहेब, ठेव मोडायची हाय."

"का ओ मावशी? मुदतीला तीनच महिने राहिलेत की."

"पोराला क्लास लावायचाय. मेंदू जागा करत्यात म्हणं. दोन दिवसांत ध्यान लागतंय, डोळं बांधून पुस्तक वाचत्यात पोरं."

हे काही खरे नसावे, असे आम्हांस वाटले. पण का खरे नाही, हे चार वाक्यांत समजावून सांगता आले नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, मेंदूविषयी वाचन बेताचेच. नियमाप्रमाणे अर्ज घेतला, व्याज कापले आणि पैसे दिले. ती गोष्ट मनाला लागून राहिली. नंतर मिळेल ते वाचले, काही डॉक्टर मित्रांना विचारले. त्या वाचनातून जे समजले ते संस्थेच्या सभासदांपुढे आणि विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. लक्ष म्हणजे काय, ते यंत्राला दिसते काय आणि यंत्राने ते वाढवता येते काय, या तीन प्रश्नांचा विचार आपण येथे करू.

लक्ष म्हणजे काय?

आपल्या भाषेत 'लक्ष' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे नेम धरायची खूण आणि दुसरा म्हणजे त्या खुणेवर खिळलेले मन. एका वस्तूवर मन धरायचे म्हणजे बाकीच्या वस्तू सोडायच्या, हे या शब्दातच आले आहे. विज्ञानही हेच सांगते. डोळे, कान आणि त्वचा यांतून क्षणोक्षणी येणारी सगळी माहिती मेंदू एकाच वेळी नीट हाताळू शकत नाही. त्याला निवड करावी लागते. या निवडीलाच लक्ष म्हणतात.

१९५३ साली कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने एक साधा प्रयोग केला. माणसाच्या दोन्ही कानांत एकाच वेळी दोन वेगवेगळी भाषणे ऐकवली आणि एका कानातले भाषण मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. ते काम लोकांनी केले, पण दुसऱ्या कानात काय बोलले गेले याचा अर्थ त्यांना जवळजवळ काहीच सांगता आला नाही. आवाज पुरुषाचा की बाईचा, एवढे मात्र कळले होते. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी अमेरिकेत दुसरा प्रयोग केला. एका चित्रफितीत काही मुले चेंडू एकमेकांकडे फेकत होती. पांढरे कपडे घातलेल्यांनी चेंडू किती वेळा फेकला ते मोजा, असे प्रेक्षकांना सांगितले. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. मोजणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळ्यांसमोर असणे वेगळे आणि लक्षात येणे वेगळे.

आम्ही रोज नोटा मोजतो, म्हणून आम्हांस याचा अनुभव आहे. एकदा पाचशेच्या नोटांचे बंडल हाताने मोजत असताना खिशात मोबाईल थरथरला. आम्ही तो बाहेर काढलाही नाही, कोणाचा असेल एवढाच विचार मनात आला. त्या दिवशी संध्याकाळी रोकड पाचशे रुपयांनी कमी भरली आणि ती आमच्या खिशातून भरावी लागली. चूक आमचीच होती. २००९ साली सोफी लेरॉय या संशोधिकेने दाखवून दिले की, माणूस एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळला तरी त्याच्या मनाचा काही भाग पहिल्याच कामात रेंगाळत राहतो. विद्यार्थी 'फक्त एक मेसेज' बघून पुस्तकाकडे परततो, तेव्हा तो पूर्ण परतलेला नसतो.

मन भटकणे हा कोणाचा दुर्गुण नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. २०१० साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढ माणसांना दिवसभरात अवचित वेळी मोबाईलवरून विचारले, "आत्ता तुमचे मन हातातल्या कामात आहे का?" सुमारे ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होते. त्याआधी २००१ साली मार्कस रेशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले होते की, माणूस बाहेरचे काहीही काम करत नसतो तेव्हाही मेंदूचे काही ठरावीक भाग जोमाने काम करत असतात. आठवणी, उद्याची काळजी, स्वतःविषयीचे विचार यांत हे भाग गुंतलेले असतात. म्हणजे भटकणे ही मेंदूची मूळ चाल आहे. "तुझं लक्षच नाही" म्हणून मुलाला मारणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

यंत्राला काय दिसते?

माणसाच्या मेंदूचे वजन सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान असते. शरीराच्या वजनाच्या तो सुमारे २ टक्के भरतो, पण शरीर विश्रांती घेत असताना जी ऊर्जा खर्च होते तिच्या सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. या पेशी एकमेकींशी विद्युत आणि रासायनिक संकेतांनी बोलतात. लाखो पेशी एका तालात काम करू लागल्या की त्यांची अतिक्षीण वीज डोक्याच्या कातडीवरही मोजता येते.

ही वीज माणसाच्या डोक्यावर प्रथम नोंदवली ती हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने, येना या गावी १९२४ साली. खात्री पटेपर्यंत तो थांबला आणि १९२९ साली त्याने ते प्रसिद्ध केले. आज रुग्णालयात डोक्याला तारा लावून जो ईईजी काढतात तो त्याचाच वारसा आहे. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणाऱ्या लाटा दिसतात. त्यांना अल्फा लाटा म्हणतात. डोळे उघडले की त्या मावळतात. गाढ झोपेत सेकंदाला ४ पेक्षाही कमी अशा मंद लाटा येतात, तर जागेपणी कामात असताना १३ ते ३० या वेगाच्या बीटा लाटा दिसतात.

याच १९२४ साली आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायच्या, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजायचे, हा त्या काळी नवा विचार होता. १९५७ साली बसू कुमार बागची आणि मॅरियन वेंगर हे दोन संशोधक अमेरिकेतून ईईजीचे फिरते यंत्र घेऊन भारतात आले. ते गावोगाव हिंडले आणि लोणावळ्यासही त्यांनी प्रयोग केले. ध्यानस्थ माणसाच्या मेंदूच्या लाटा त्याच्याच आश्रमात जाऊन नोंदवण्याचे हे सुरुवातीचे प्रयत्न होत. पुढे १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि सिंग यांनी चार योग्यांचा ईईजी काढला. एरवी आवाज झाला किंवा प्रखर उजेड पडला की अल्फा लाटा खंडित होतात. हे योगी ध्यानात असताना त्या तशा खंडित झाल्या नाहीत. माणसे चारच होती, त्यामुळे या निष्कर्षाला मर्यादा आहे. पण मनाचा सराव आणि मेंदूची वीज यांचा संबंध तपासता येतो, एवढे सिद्ध झाले.

आलेख म्हणजे मन नव्हे

यंत्राला लाटा दिसतात, मग विचारही दिसतील असे काहींना वाटले. या समजुतीने आपल्या महाराष्ट्रात केवढा प्रश्न उभा केला, हे विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात खुनाच्या एका खटल्यात आरोपीला शिक्षा झाली. त्या निकालात इतर पुराव्यांबरोबर ईईजीवर आधारलेल्या एका चाचणीचाही आधार घेतला गेला. आरोपीच्या डोक्याला तारा लावून तिला गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवली गेली आणि मेंदूच्या लाटांवरून तिला त्या घटनेचा 'स्वानुभव' आहे असा निष्कर्ष काढला गेला. या बातमीची चर्चा जगभर झाली. त्याच वर्षी बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा चाचण्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे मत दिले.

५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दलित समाजातून आलेले देशाचे पहिले सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन हे त्या पीठाचे प्रमुख होते. माणसाच्या संमतीशिवाय नार्को चाचणी, लाय डिटेक्टर किंवा मेंदूच्या लाटांची चाचणी करणे घटनेच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही असे सांगणारे घटनेचे कलम २० (३) आणि जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारे कलम २१ हे या निकालाचे आधार होते. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या हातून घडलेली घटना साठ वर्षांनी माणसाच्या डोक्याच्या आतल्या जागेचेही रक्षण करू शकली, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

यातून आपल्या विषयापुरता धडा असा. बँकेच्या पासबुकावरून खात्यात किती पैसे आले आणि गेले ते कळते, पण ते कष्टाचे की उसने हे कळत नाही. ईईजीचेही तसेच आहे. मेंदू जागा आहे की झोपेत, फेफऱ्याचा झटका येतो आहे की नाही, हे तो उत्तम सांगतो. माणूस काय विचार करतो आहे, तो खरा की खोटा, हे तो सांगत नाही.

बाहेरून मेंदूला चालना

आता तिसरा आणि सर्वांत कुतूहलाचा प्रश्न. डोके न उघडता, बाहेरून मेंदूला चालना देता येते काय? उत्तर आहे, होय, काही प्रमाणात देता येते.

१८३१ साली मायकेल फॅरेडेने दाखवले की चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. हा नियम आपण शाळेत शिकतो. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच नियम मेंदूवर वापरला. तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरून त्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडला. त्याचे चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत गेले आणि मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म वीज निर्माण झाली. वेटोळे हाताच्या हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या भागावर धरले, तेव्हा माणसाने न ठरवता त्याच्या हाताचे स्नायू हलले. या पद्धतीला थोडक्यात टीएमएस म्हणतात.

ही जादू नव्हे, हे उपचाराचे साधन आहे. नैराश्याच्या ज्या रुग्णांना औषधांचा गुण येत नाही, त्यांच्यासाठी टीएमएसला अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने २००८ साली मान्यता दिली. २०१८ साली तीच विचार आणि तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या मंत्रचळ या आजारासाठीही ती मिळाली. भारतातही मोठ्या शहरांतील रुग्णालयांत हा उपचार उपलब्ध आहे. रुग्ण जागा असतो, भूल द्यावी लागत नाही, पण उपचार काही आठवडे रोज घ्यावा लागतो. ज्यांना फेफरे येते किंवा ज्यांच्या डोक्यात धातूचा तुकडा वा यंत्र बसवलेले आहे, त्यांच्याबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. म्हणून हे काम मनोविकारतज्ज्ञानेच करायचे. आपल्या वस्तीत नैराश्याने ग्रासलेला कोणी असेल तर त्याला देवऋषाकडे न नेता डॉक्टरकडे न्यावे, हे आम्ही या निमित्ताने आवर्जून सांगतो.

दुसरी पद्धत त्याहून साधी आहे. कपाळाला आणि डोक्याला ओलसर स्पंजाच्या पट्ट्या लावून एक ते दोन मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह काही मिनिटे सोडायचा. जर्मनीतील गॉटिंगेन येथे मायकेल निट्शे आणि वॉल्टर पॉलस यांनी २००० साली दाखवले की अशा प्रवाहाने मेंदूच्या त्या भागाची उत्तेजित होण्याची तयारी थोडी वाढते किंवा कमी होते. याला टीडीसीएस म्हणतात. साहित्य स्वस्त असल्यामुळे याचा फार गाजावाजा झाला. परीक्षेआधी वीस मिनिटे पट्टा बांधा आणि हुशार व्हा, अशी स्वप्ने विकली जाऊ लागली.

वस्तुस्थिती अशी आहे की, या प्रवाहाचा बराचसा भाग कातडी आणि कवटीतच विरून जातो. २०१५ साली जॅरेड हॉर्व्हाथ आणि सहकाऱ्यांनी तोवर झालेल्या अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र केले. निरोगी माणसाच्या बुद्धीच्या कामांवर एका वेळच्या टीडीसीएसचा भरवशाचा परिणाम त्यांना आढळला नाही. या निष्कर्षावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाले, पण जाहिरातीत दिसते तसे चित्र नाही एवढे निश्चित.

त्याहून महत्त्वाचा प्रयोग २०१३ सालचा आहे. तेरेसा यूक्युलानो आणि रोई कोहेन कादोश यांनी काही जणांना नवी अंकचिन्हे शिकवली आणि शिकताना डोक्याला असा प्रवाह दिला. एका भागाला प्रवाह दिला तेव्हा शिकणे वेगाने झाले, पण शिकलेले अंगवळणी पडण्यात अडचण आली. दुसऱ्या भागाला दिला तेव्हा बरोबर उलटे झाले. एका खात्यात जमा, तर दुसऱ्यात नावे! २०१६ साली या विषयातील अनेक संशोधकांनी घरी स्वतः असे प्रयोग करणाऱ्यांना जाहीर पत्राने सावध केले. एका भागाला दिलेली वीज इतर भागांवरही परिणाम करते, तो परिणाम माणसागणिक बदलतो आणि काही बदल दीर्घकाळ टिकू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते.

अलीकडे अतिध्वनिलहरी मेंदूच्या खोलवरच्या भागावर केंद्रित करण्याचे प्रयोगही सुरू झाले आहेत. अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठात जे सँग्विनेटी आणि ध्यानाचे शिक्षक शिन्झेन यंग यांनी ध्यानाला या लहरींची मदत होते काय, हे तपासण्याचे काम हाती घेतले. प्रामाणिक संशोधनाला आमचा विरोध नाही. मात्र संशोधन चालू असणे आणि गुण सिद्ध होणे यांत अंतर आहे. तेवढ्याच अंतरात व्यापारी आपले दुकान थाटतो.

'मेंदू जागा करणारे' वर्ग

मावशींच्या मुलाचा वर्ग अशाच दुकानांपैकी होता. या वर्गांना 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन' असे भारदस्त नाव देतात. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. तो मेंदूच्या देठाचा सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचा भाग आहे. डोळे वळवणे, उजेडात बाहुली लहान करणे, अचानक आवाज झाला की तिकडे मान वळवणे, जागे राहणे, ही कामे त्याच्याकडे आहेत. तो प्रत्येक निरोगी मुलात जन्मापासून जागाच असतो. त्याचे काम थांबले तर माणूस बेशुद्ध होईल. जे चालूच आहे ते चालू करून देण्याचे पैसे कसले घ्यायचे?

डोळे बांधून वाचण्याचे रहस्यही साधे आहे. पट्टी कशीही बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि तेथून खालचे दिसते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी हे अनेकदा दाखवून दिले आहे. वस्तू नाकाच्या रेषेवर किंवा डोक्याच्या मागे धरली की चमत्कार थांबतो. दिवाळीनंतर मावशी पुन्हा बँकेत आल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, पोरानंच सांगितलं. आई, मी फटीतनं बघतोय. सर म्हणालेत कुणाला सांगू नको." पंधरा हजार गेले, याहून आम्हांस दुःख याचे झाले की ध्यान शिकायला गेलेला मुलगा खोटे बोलायला शिकून आला.

कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले ते आपण सर्व जाणतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. आजच्या काळात त्यात एका गोष्टीची भर घालावी लागेल. विज्ञानाचे शब्द वापरले म्हणूनही स्वीकारू नका.

सरावाचा पुरावा

मग लक्ष वाढतच नाही काय? वाढते, आणि त्याचा पुरावा आहे. तो सरावाचा आहे.

नजरेसमोरून अक्षरे भराभर जात असताना त्यांत दोन अंक ओळखायचे असतील, तर पहिला अंक दिसल्यावर साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत आलेला दुसरा अंक माणसाच्या नजरेतून निसटतो. जणू लक्षाची पापणी लवते. ही मेंदूची जन्मजात मर्यादा आहे असे मानत. २००७ साली हेलीन स्लॅग्टर, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी तीन महिने विपश्यनेचा कसून सराव केलेल्या १७ साधकांची आधी आणि नंतर परीक्षा घेतली. सरावानंतर त्यांना दुसरा अंक अधिक वेळा दिसू लागला. ईईजीत असेही दिसले की पहिल्या अंकाला त्यांचा मेंदू पूर्वीपेक्षा कमी शक्ती खर्च करत होता. पहिल्याला घट्ट चिकटून राहायचे नाही, त्यामुळे दुसऱ्यासाठी जागा उरते. बंगळूरच्या निमहान्समध्येही विपश्यनेच्या जुन्या साधकांच्या झोपेचा आणि मेंदूच्या लाटांचा अभ्यास झाला. वयाबरोबर गाढ झोप कमी होत जाते, पण या साधकांमध्ये ती अधिक टिकून असल्याचे तेथे आढळले.

हे शिकायला आपल्याला लांब जावे लागत नाही. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी उभी राहिली. आपल्या जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील आळते येथे धम्मालय आहे. तेथे शिबिरासाठी शुल्क घेत नाहीत, दान स्वेच्छेचे असते. मात्र दहा दिवसांचे शिबिर कष्टाचे आहे. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, हेही सांगितले पाहिजे.

येथे एक भेद स्पष्ट करतो. गर्दीत खिसा कापणाऱ्याचे लक्षही अत्यंत एकाग्र असते. म्हणून धम्मात केवळ स्मृती म्हटलेले नाही, सम्यक स्मृती म्हटले आहे आणि तिच्या शेजारी सम्यक वाचा, सम्यक कर्म, सम्यक आजीविका ठेवल्या आहेत. उद्या एखादे निर्दोष यंत्र निघाले आणि त्याने मन खरोखर एकाग्र केले, तरी ते कोठे लावायचे हे यंत्र सांगणार नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागेल.

आपल्या अभ्यासिकेसाठी

१९०८ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. ज्यांना घरी बसायला जागा नव्हती त्यांना शांत जागा, जेवण आणि सोबत मिळाली. मुलांचे मेंदू तेच होते, परिस्थिती बदलली आणि ती शिकली. लक्ष हे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून असते, म्हणून ती परिस्थिती घडवणे हे संस्थेचे काम आहे. आपल्या अभ्यासिकेसाठी आम्ही पुढील सूचना करतो.

पहिली, संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत सर्वांनी मोबाईल दाराजवळच्या डब्यात ठेवावेत, देखरेख करणाऱ्या आम्हां मोठ्यांनीसुद्धा. दुसरी, सुरुवातीस दहा मिनिटे शांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहावे. मन भटकले तर चिडू नये, भटकले हे कळणे आणि ते परत आणणे हाच सराव आहे. तिसरी, वाचून झाले की पुस्तक मिटून आठवेल ते वहीत लिहावे. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी दाखवले की, पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवते, पण आठवडाभराने स्वतःची परीक्षा घेतलेल्यांनाच जास्त आठवते. चौथी, परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये. दिवसा शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेत करतो. आणि पाचवी पालकांसाठी, मेंदूच्या नावाने कोणी पैसे मागितले तर आधी संस्थेत येऊन विचारावे. ठेव मोडण्यापूर्वी विचारावे.

मावशींचा मुलगा आता संध्याकाळी अभ्यासिकेत येतो. तो फार हुशार झाला असे आम्ही म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात तो दहा मिनिटांत चार वेळा उठून दाराकडे जात असे, आता तासभर बसतो. परवा त्याने आम्हांस विचारले, "काका, मध्यमेंदू म्हणजे नक्की कुठं असतो?" आम्ही त्याला जीवशास्त्राच्या पुस्तकातली आकृती दाखवली. त्याने ती वहीत काढली, नावे दिली आणि पुस्तक मिटून पुन्हा काढली. ठेव मोडताना त्याच्या आईला जे उत्तर आम्हांस देता आले नव्हते, ते त्याच्या वहीत उमटलेले पाहून समाधान वाटले. ते उत्तर इतर घरांतही पोहोचावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून लेखणीस विराम देतो.